फ्लेक्सवरचे 75 टक्के नेमके कशातले? बेळगाव पट्ट्यातल्या आयव्हीएफ सेवेचा आढावा

बेळगाव, निपाणी, चिकोडी, गोकाक, कुठंही जा, टेस्ट ट्यूब बेबीचा, म्हणजे आयव्हीएफचा, एखादा तरी फ्लेक्स नजरेस पडतोच. गुटगुटीत बाळाचा फोटो, खाली मोबाईल नंबर आणि मधोमध ठळक आकडा: सक्सेस रेट 70 टक्के, 75 टक्के, कुठं 80. अथणी नाहीतर खानापूरकडून निघालेलं जोडपं तो आकडा बघून दवाखाना ठरवतं आणि त्याच भरवशावर दागिने गहाण टाकून पैसे उभे करतं. म्हणून हा आढावा कुठल्या एका दवाखान्याचा नाही. इथल्या माणसाला बेळगाव, कोल्हापूर, मिरज-सांगली आणि हुबळी-धारवाड या पट्ट्यात जी सेवा मिळते तिचा, आणि मुख्यतः ती विकताना सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांचा हा आढावा आहे. आमचं मत आधीच सांगतो. तुमच्या वयोगटातल्या, स्वतःची बीजं (स्त्रीबीजं) वापरलेल्या किती बायकांना जिवंत बाळ झालं हे जो दवाखाना कागदावर लिहून देतो, तो 30 टक्केच म्हणत असला तरी तोंडी 75 सांगणाऱ्याच्या वर धरावा.

आता हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण गळती होते त्या जागा खऱ्या आहेत. समजा एका दवाखान्यात वर्षभरात 100 बायकांची बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली. आठ जणींमध्ये फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं ते अंडाशयातले फुगे, वाढलेच नाहीत किंवा वेळेआधी फुटले. त्यांची सायकल, म्हणजे उपचाराची फेरी, रद्द झाली. उरलेल्या 92 जणींचं पिकअप झालं, म्हणजे भूल देऊन बीजं बाहेर काढली. त्यातल्या बारा जणी ट्रान्सफरपर्यंत, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडण्यापर्यंत, पोचल्याच नाहीत. कुणाची बीजं पक्व निघाली नाहीत, कुणाची शुक्रजंतूशी संयोग होऊन फळली नाहीत, कुणाचे गर्भ तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाच्या मध्येच वाढायचे थांबले. 80 जणींच्या गर्भाशयात गर्भ सोडला. 40 जणींचा बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्याची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आला. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पिशवी आणि ठोके दिसले ते 34 जणींना. पुढं काहींचे गर्भपात झाले, काहींची फार लवकर डिलिव्हरी होऊन बाळ वाचलं नाही, आणि शेवटी 28 जणी बाळ घेऊन घरी गेल्या.

यात सक्सेस रेट किती? 80 ट्रान्सफरमध्ये 40 बीटा धरले तर 50 टक्के. ठोके दिसलेल्या धरल्या तर साडेबेचाळीस. ट्रान्सफरमागे बाळ धरलं तर 35. इंजेक्शन सुरू केलेल्या शंभर जणींमागे बाळ धरलं तर 28. यातला एकही आकडा खोटा नाही, आणि फ्लेक्सवर कुठला छापायचा हे दवाखाना ठरवतो. पस्तिशीच्या आतल्या बायका तेवढ्या वेगळ्या काढल्या, रद्द सायकली गाळल्या, आणि वर डोनर, म्हणजे दुसऱ्या बाईनं दिलेल्या, बीजांच्या केसेस मिसळल्या, की तोच दवाखाना 65-70 पर्यंतही जाऊन पोचतो.

बीटावर भागवणाऱ्या आकड्याबद्दल आणखी एक. बीजं पिकावीत म्हणून पिकअपआधी जे ट्रिगर इंजेक्शन देतात ते बऱ्याचदा एचसीजीच असतं, आणि रक्तात ते दहा ते चौदा दिवस रेंगाळू शकतं. घाईनं तपासलं तर गर्भ राहिलेला नसतानाही रिपोर्ट किंचित पॉझिटिव्ह दिसतो. शिवाय बीटा खराच वाढतो आणि आठ-दहा दिवसांत उतरतो, अशा केसेसही बऱ्याच असतात. पाळी येते आणि संपतं. त्या जोडप्याच्या दृष्टीनं ते यश नव्हे. दवाखान्याच्या यादीत मात्र ते पॉझिटिव्ह म्हणूनच राहू शकतं.

म्हणून समोर बसल्यावर टक्के विचारू नका. दोन संख्या विचारा: माझ्या वयोगटातल्या, स्वतःची बीजं वापरलेल्या किती बायकांचं पिकअप तुमच्याच लॅबमध्ये झालं, आणि त्यातल्या किती जणींना जिवंत बाळ झालं? वर्षही विचारा. डिसेंबरमध्ये सोडलेल्या गर्भाची डिलिव्हरी पुढच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरला होते, त्यामुळं ‘या वर्षीचा सक्सेस रेट’ म्हणून जे सांगतात ते बाळांचं प्रमाण असूच शकत नाही. हिशेब पुरा झालेलं मागचं वर्षच मागायचं.

आपल्या भागात यात एक खास अडचण आहे. पहिलटकरीण माहेरी जाते. उपचार कोल्हापुरात, सासर संकेश्वरला आणि डिलिव्हरी खानापूर नाहीतर हल्याळच्या दवाखान्यात, असं सर्रास चालतं. बारा आठवडे झाले की आयव्हीएफवाले पेशंटला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं सोडतात आणि पुढचं त्यांना कळतच नाही, जोवर कुणी मुद्दाम फोन करत नाही तोवर. तेव्हा डिलिव्हरीची माहिती कशी गोळा करता, हाही प्रश्न विचारावा. ज्या दवाखान्यात त्यासाठी एक माणूस नेमलेला आहे, रजिस्टरमध्ये डिलिव्हरीची तारीख, वजन आणि आठवडे लिहिलेले आहेत, तिथं जिवंत बाळाच्या आकड्याला अर्थ आहे. ‘पेशंट पेढे घेऊन येतात ना’ हे उत्तर आलं तर आकडा अंदाजाचा समजावा. पेढे घेऊन येणाऱ्यांचीच मोजदाद झाली तर न आलेल्यांचं काय?

गोठवलेल्या गर्भांचाही हिशेब नीट लावून घ्या. एका पिकअपमधून तीन-चार गर्भ मिळाले, पहिला ट्रान्सफर फसला आणि दुसऱ्या, गोठवलेल्या गर्भानं बाळ झालं, तर त्या पिकअपला यश आलं असंच म्हटलं पाहिजे. म्हणून सगळ्यात न्याय्य आकडा म्हणजे एका पिकअपमागे, त्यातून निघालेले सगळे ट्रान्सफर धरून, जिवंत बाळ किती. पीसीओएसच्या (अंडाशयात लहान फॉलिकल खूप असण्याचा त्रास) बाईला ओएचएसएस (इंजेक्शनांनी अंडाशय सुजून पोटात पाणी होणं) होऊ नये म्हणून सगळेच गर्भ गोठवले आणि दोन महिन्यांनी सोडले, तर तो चांगला निर्णय आहे. अशा केसेस अपयशात धरू नयेत आणि यादीतून गाळूही नयेत.

‘तीन सायकलींत 80 टक्के’ हे वाक्य पॅकेजच्या कागदावर हमखास असतं. ते कुठून येतं बघा. एका सायकलीत 40 टक्के धरले तर 60 टक्के अपयश. साठाचे साठ टक्के 36, त्याचे साठ टक्के 21.6, उरले 78.4. कागदावर गणित बरोबर आहे. प्रत्यक्षात पहिल्या दोन वेळी ज्यांना यश आलं नाही त्यांची शक्यता मुळातच कमी असते, आणि पैसा संपून किंवा खचून कितीतरी जोडपी मध्येच थांबतात. तेव्हा तीन सायकली खरोखर पूर्ण केलेली जोडपी किती होती, हे विचारल्याशिवाय पॅकेज घेऊ नका. पैसे परत देण्याच्या हमीची अटही वाचा: वय 35 किंवा 38 च्या आत, एएमएच (शिल्लक बीजांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) अमुकच्या वर, इंजेक्शनांचा खर्च वगळून. ज्यांना तशीही चांगली शक्यता होती त्यांनाच बहुतेक ती हमी मिळते.

वय हा या सगळ्याचा कणा. आपल्याकडं दवाखानानिहाय आकडे सरकार छापत नाही, पण ब्रिटनमध्ये नियामक संस्था छापते. तिथं 2022 मध्ये स्वतःची बीजं वापरून सोडलेल्या गर्भांमागे जन्माचं प्रमाण 18 ते 34 वयात सुमारे 35 टक्के होतं आणि 43-44 वयात सुमारे 5 टक्के. अमेरिकेतल्या नोंदींतही पस्तिशीच्या आत एका पिकअपमागे, सगळे ट्रान्सफर धरून, साधारण निम्म्यांना बाळ होतं. बेचाळिशीपुढं शंभरात चार-पाच. जगातल्या भरपूर साधनसामग्रीच्या लॅबचे हे आकडे आहेत. कुणी वय न विचारताच 75 सांगत असेल, तर तो आकडा तुमच्यासाठी नाही एवढं समजून घ्या.

चाळिशीच्या बायकांत यश चांगलं आहे असं सांगितलं, तर त्यात डोनर बीजं किती हे विचारायलाच हवं. सहायक जननतंत्र कायद्यानं बीज देणारी बाई 23 ते 35 वयाची असते, त्यामुळं घेणारी 44 ची असली तरी निकाल तरुण बीजांचा येतो. डोनर घेण्यात गैर काही नाही. पण स्वतःच्या बीजांची आशा दाखवायला डोनरचा आकडा वापरणं, ही आमच्या लेखी फसवणूक आहे.

आणि छोट्या संख्येला भुलू नका. वीस केसेसमध्ये बारा यशस्वी म्हणजे 60 टक्के. पण एवढ्याशा संख्येवरून खरं प्रमाण 36 पासून 81 पर्यंत कुठंही असू शकतं. दोनशेत 120 असतील तर तीच रेंज 53 ते 67 वर येते. नव्यानं उघडलेल्या सेंटरचा पहिल्या सहा महिन्यांचा आकडा, मग तो कितीही चांगला असो नाहीतर वाईट, फारसं काही सांगत नाही.

या पट्ट्यात सेवा चार प्रकारची मिळते

पहिली, मोठ्या साखळी कंपन्यांच्या शाखा. स्वागतकक्ष झकास, फोनवर पाठपुरावा भरपूर, लॅबची पद्धत ठरीव. पण सांगितला जाणारा सक्सेस रेट देशभरच्या शाखांचा मिळून असतो, नाहीतर मूळ मोठ्या शहरातल्या सेंटरचा. या शाखेत पिकअप होतं का, की इथं फक्त ओपीडी आणि पिकअपला पुण्या-बंगळूरला जायचं? शाखेचा स्वतंत्र आकडा आहे का? डॉक्टर गेल्या दोन वर्षांत किती बदलले? तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर शाखा घ्यायला हरकत नाही.

याच कंपन्यांची आणि काही स्थानिक दवाखान्यांचीही मंगल कार्यालयात शिबिरं होतात. मोफत सल्ला, मोफत एएमएच, आणि ‘आज बुकिंग केलं तर सवलत’. एएमएच करून घ्या, रिपोर्ट घरी आणा, त्या दिवशी पैसे भरू नका. एएमएच बीजांची संख्या किती शिल्लक आहे याचा अंदाज देतं, बीजाचा दर्जा सांगत नाही. 27 वर्षांच्या मुलीचं एएमएच कमी आहे म्हणून ‘आता आयव्हीएफच, नाहीतर डोनर’ असं त्याच टेबलावर सांगितलं गेलं, तर उठून दुसरं मत घ्यावं. शिवाय जिला गर्भनळ्या उघड्या आणि नवऱ्याचा रिपोर्ट बरा असताना सहा महिने थांबून किंवा आययूआयनं (वीर्य थेट गर्भाशयात सोडून) दिवस गेले असते तिला आयव्हीएफ केलं, तर दवाखान्याचा आकडा फुगतो. सोप्या केसेस घ्यायच्या आणि अवघड केसेस ‘तुमचं होणार नाही’ म्हणून परत पाठवायच्या, यानंही आकडा वर जातो. उलट दोन ठिकाणी फसलेल्या जोडप्यांना घेणारा दवाखाना खाली दिसतो.

दुसरा प्रकार, शहरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची स्वतःची सेंटरं. आमच्या मते इथं सगळ्यात जास्त फरक पडतो तो एका शब्दानं: बॅच. एम्ब्रियोलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये गर्भ वाढवणारा तज्ज्ञ, कायमचा नसेल तर पुणे, हुबळी, बंगळूरहून महिन्यातून एकदा बोलावतात. मग दहा-बारा बायकांना गोळ्या देऊन पाळीची तारीख जुळवतात आणि सगळ्यांची पिकअप त्याच आठवड्यात उरकतात. बॅच म्हणजे वाईटच असं नाही. पण गडबड कुठं होते ते माहीत हवं. पिकअपची वेळ फॉलिकलच्या आकारानं ठरण्याऐवजी पाहुण्या तज्ज्ञाच्या गाडीनं ठरते. मधले तीन आठवडे गर्भ वाढवायचे इन्क्युबेटर बंद असतात आणि पुन्हा सुरू केल्यावर तापमान-वायू स्थिर व्हायला दिलेला वेळ अपुरा पडतो. आणि एम्ब्रियोलॉजिस्टला निघायचं असतं म्हणून पाचव्या दिवसापर्यंत वाढवण्याजोगे गर्भ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सोडले जातात. ‘पिकअपपासून पाचव्या दिवसापर्यंत एम्ब्रियोलॉजिस्ट इथंच असतात का?’ एवढा एकच प्रश्न विचारला तरी सगळं कळतं. आयव्हीएफसाठी लेव्हल 2 ची नोंदणी लागते आणि त्यात एम्ब्रियोलॉजिस्ट व समुपदेशक असणं नियमातच आहे. लेव्हल 1 चा दवाखाना आययूआय करू शकतो, आयव्हीएफ नाही. स्थानिक सेंटरचा फायदा मात्र मोठा आहे: डॉक्टर एकच, रात्री फोन उचलतात, आणि घरातल्या भाषेत बोलतात. एम्ब्रियोलॉजिस्ट कायमचा असेल तर आम्ही अशाच सेंटरला झुकतं माप देऊ.

मेडिकल कॉलेजशी जोडलेली केंद्रं हा तिसरा प्रकार. रांग लांब, तपासायला शिकाऊ डॉक्टर, एका भेटीत काम होईलच असं नाही. पण ओएचएसएस झालं किंवा जुळी सातव्या महिन्यात आली तर आयसीयू आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग त्याच आवारात असतो. हृदयाचा, साखरेचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्या बाईसाठी हीच जागा योग्य. चौथा प्रकार पुणे-मुंबई-बंगळूरचा. वारंवार गर्भपात, जनुकीय आजार, नवऱ्याच्या वृषणातून शुक्रजंतू काढायची गरज, अशा केसेससाठी तिकडं जावं. साध्या बंद नळ्यांसाठी एवढं लांब जाऊन राहण्या-खाण्यात पैसे घालवायची गरज नाही.

लॅब जोखायची ती अशी

बाळ होणं न होणं बीजाच्या वयावर फार अवलंबून आहे, त्यामुळं लॅब चांगली की वाईट हे नुसत्या बाळांच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी मधल्या पायऱ्या बघायच्या. तज्ज्ञांनी व्हिएन्नात एकमतानं ठरवलेली काही मोजमापं 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, ती जगभर वापरतात. इक्सीनंतर, म्हणजे सुईनं एकेका बीजात शुक्रजंतू सोडल्यावर, पक्व बीजांपैकी किमान 65 टक्के नीट फळली पाहिजेत, उत्तम लॅबमध्ये 80. सुई टोचताना 10 टक्क्यांपेक्षा जास्त बीजं खराब होता कामा नयेत. नीट फळलेल्यांपैकी पाचव्या दिवशी किमान 40 टक्के ब्लास्टोसिस्ट (पाच दिवसांच्या टप्प्यापर्यंत वाढलेले गर्भ) झाले पाहिजेत, उत्तम लॅबमध्ये 60. गोठवलेले ब्लास्टोसिस्ट वितळवल्यावर किमान 90 टक्के जगले पाहिजेत, उत्तम लॅबमध्ये 99.

हे चार आकडे दवाखान्याकडं असतातच. मागितल्यावर दाखवतात का ते बघा. तुमच्या स्वतःच्या फाईलवरही ते लावून बघता येतात. समजा बारा बीजं निघाली, त्यातली नऊ पक्व, त्यातली सात फळली, पाचव्या दिवशी तीन ब्लास्टोसिस्ट झाले. ही चांगली सायकल आहे, बाळ झालं नाही तरी. नऊ पक्व बीजांतली तीनच फळली असतील तर कारण विचारायला हवं: शुक्रजंतूंचा दोष, की बीजाचा, की हाताचा? आणि पक्व बीजंच कमी निघाली असतील तर आधी ट्रिगरची वेळ तपासा.

ट्रिगर पिकअपच्या 34 ते 36 तास आधी घ्यायचं असतं. बुधवारी सकाळी नऊला पिकअप असेल तर सोमवारी रात्री नऊ ते अकराच्या मध्ये. गावातली सिस्टर येईपर्यंत बारा-एक वाजले तर बीजं नीट सुटतही नाहीत आणि पुरती पिकतही नाहीत. फार आधी घेतलं तर फॉलिकल फुटून जातात. पेनमधली इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत ठेवायची. थर्मासमध्ये आइसपॅक ठेवला तर तो फडक्यात गुंडाळून, औषधाला थेट लागू न देता. फ्रीझरमध्ये गोठलेलं इंजेक्शन वाया गेलं. असं वाया गेलेलं औषध बाहेरून ओळखू येत नाही आणि फॉलिकल वाढले नाहीत की खापर बाईच्या अंडाशयावर फुटतं.

लाईटचाही प्रश्न विचारायचा. पावसाळ्यात हेस्कॉमची लाईट किती वेळा जाते हे खानापूरच्या माणसाला सांगायला नको. इन्क्युबेटर 37 अंशांवर, ठरलेल्या कार्बन डायऑक्साइडवर चोवीस तास चालला पाहिजे. यूपीएस आहे का, त्याच्या मागं जनरेटर आहे का, रात्री तापमान बिघडलं तर अलार्म कुणाच्या मोबाईलवर जातो? गोठवलेल्या गर्भांसाठी लागणारा द्रव नायट्रोजन कुठून येतो आणि टाकीची पातळी कोण नोंदवतं? दवाखान्यात नुकता रंग दिलाय आणि वास येतोय, तर त्या आठवड्यात पिकअप नको म्हणा. रंग-पॉलिशमधले वायू गर्भाला मारक असतात.

दोन गर्भ सोडले की पॉझिटिव्ह यायची शक्यता वाढते आणि दवाखान्याचा आकडाही. ‘जुळी झाली तर एकदमच काम झालं’ असं घरची मंडळी म्हणतात. पण जुळी बहुतेक वेळा अपुऱ्या दिवसांची येतात, आईचा रक्तदाब वाढायचा धोका वाढतो, आणि बाळांना काचेच्या पेटीत ठेवायचा खर्च कधीकधी आयव्हीएफपेक्षा वर जातो. म्हणून सक्सेस रेटच्या शेजारी जुळ्यांचं प्रमाण लिहून मागा. यश जास्त आणि जुळीही भरपूर, याचा अर्थ लॅबपेक्षा गर्भांची संख्या काम करतेय. पीजीटी (गर्भाची जनुकीय तपासणी) करून निवडलेल्या गर्भांचा आकडाही असाच फसवा असतो: ज्यांचा एकही गर्भ निर्दोष निघाला नाही त्या बायका ट्रान्सफरमध्ये मोजल्याच जात नाहीत.

बिलातल्या जादा गोष्टींवर थोडक्यात. गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा काढण्याचा मोठा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला: 1364 बायका, दोन गट, दोन्हीकडं बाळ होण्याचं प्रमाण तंतोतंत 26.1 टक्के. तरीही तो बिलात दिसला तर नको म्हणा. शुक्रजंतू नीट असताना इक्सीनं जास्त बाळं होतात असंही दिसलेलं नाही. उलट एक गोष्ट टाळू नये. नळीत पाणी साचलेलं असेल, आपल्याकडं टीबीमुळं बऱ्याच जणींना असतं, तर आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर येतं. आधी ती नळी दुर्बिणीनं बंद करायची किंवा काढायची. हे न सांगता ट्रान्सफर करणारा दवाखाना आमच्या यादीत बसत नाही. नवऱ्याचा वीर्याचा रिपोर्ट न बघता बायकोची इंजेक्शनं सुरू करणाराही नाही.

अंतर हाही निवडीचाच भाग आहे. इंजेक्शनांचे आठ ते बारा दिवस आणि त्यात तीन-चार सोनोग्राफ्या. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, बैलहोंगलकराला बेळगाव किंवा धारवाड. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना राज्यातल्या राज्यात सरकारी साध्या बसनं फुकट जाता येतं, हा हिशेबही किरकोळ नाही. आणि पिकअपनंतर पोट टम्म झालं, दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर सकाळची वाट न बघता निघायचं असतं. रात्री दोनला कुठल्या दारात जायचं हे पिकअपच्या आधी लिहून घ्या.

कागद

सहायक जननतंत्र कायदा 25 जानेवारी 2022 पासून लागू आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे; ते पाच वर्षांसाठी असतं, तारीख वाचा. बाईचं वय 21 ते 50, पुरुषाचं 21 ते 55. यशाची शक्यता, धोके, खर्च हे समजावून सांगणं दवाखान्यावर बंधनकारक आहे, त्यामुळं आकडे विचारताना संकोच नको. संमतीपत्र इकडं बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतं. मराठी वाचणाऱ्या बाईनं ‘इथं सही करा’ म्हटल्यावर सही करू नये. मराठी प्रत मागावी, नसेल तर समुपदेशकाकडून ओळन् ओळ समजून घ्यावी. किती गर्भ सोडायचे, उरलेल्यांचं काय, बीजं कमी निघाली तर डोनर वापरायचे का, हे सगळं त्याच कागदावर ठरतं. गर्भ सोडेपर्यंत संमती मागं घेता येते.

गर्भ गोठवायला देताना दवाखाना आणखी जपून निवडा. साठवण दहा वर्षांपर्यंत करता येते, भाडं दर वर्षी भरावं लागतं, आणि दुसरीकडं न्यायचं तर याच कायद्यातल्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते.

सायकल संपली की झालेल्या उपचाराचं डिस्चार्ज प्रमाणपत्र आणि एम्ब्रियोलॉजीचा तक्ता मागून घ्यायचा: बीजं किती, पक्व किती, फळली किती, कुठल्या दिवशी कुठल्या ग्रेडचा गर्भ सोडला, किती गोठवले. दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात तर ते सगळ्यात आधी हाच तक्ता मागतील. ‘फाईल दवाखान्याची आहे’ असं सांगून परत पाठवलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जापासून 72 तासांत कागदपत्रं देण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. तरी मिळाली नाहीत तर आधी दवाखान्याच्या तक्रार कक्षाकडं, मग दवाखाना ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या प्राधिकरणाकडं जायचं, म्हणजे बेळगावच्या दवाखान्यासाठी कर्नाटकाकडं आणि कोल्हापूरच्यासाठी महाराष्ट्राकडं. ग्राहक आयोगाचं मात्र तसं नाही. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथंच दावा लावता येतो, त्यामुळं उपचार कोल्हापुरात झाला असला तरी चिकोडीच्या जोडप्याला बेळगावच्या जिल्हा आयोगात जाता येतं.